लोकरीचा वास

सुया फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे,
ठेवल्या तशाच.
सोमवारी चौदा होत्या.
आज गुरुवार. चौदा.
"घेतली," तुम्ही म्हणता बाबा,
आणि बघता खिडकीबाहेरच्या पर्सिमनकडे.
झाडावर पान नाही, नुसती केशरी फळं,
कुणी उतरवत नाही म्हणून लटकलेली.

चाळीस हिवाळे झेस्तापोनीच्या कारखान्यात
तुम्ही भट्टीसमोर उभे राहिलात.
धातूचा रंग बघून सांगायचात अजून किती वेळ,
यंत्र मागाहून तेच सांगायचं.
आता हे काडेपेटीएवढं यंत्र
बोटातून थेंब मागतं
आणि तुम्हाला शिकवू बघतं.
"माझं रक्त मला माहीत आहे."

मेजवानीत टेबलाच्या टोकाला तुमची खुर्ची.
हातात वाईनचं शिंग.
मेलेल्यांसाठी, मुलांसाठी,
दूर इटलीत परक्या म्हाताऱ्यांची उष्टीखरकटी काढणाऱ्या
आपल्या गल्लीतल्या बायकांसाठी,
एकेकासाठी वेगळे शब्द.
ओतारच्या जिभेवर साखर आहे, शेजारी म्हणतात.
मला हसू येत नाही.
सगळ्यांचं आरोग्य पिऊन होतं,
तुमचं तेवढं राहतं.

मी काय काय नाही केलं.
ओरडले.
द्राक्षरसात बुडवलेल्या अक्रोडांच्या माळा
कपाटात कुलूपबंद केल्या.
तुम्ही एका खिळ्याने कुलूप काढलंत
आणि परत लावलंतही, नीट.
आईची शपथ घातली.
ते करायला नको होतं.
दोन दिवस तुम्ही जेवला नाहीत,
आणि न जेवणंही या दुखण्याला चालत नाही
हे नर्स इझोल्दाने मला फोनवर सुनावलं.
मग लाशाला सांगितलं, आजोबांवर लक्ष ठेव.
नऊ वर्षांच्या पोराला चुगली शिकवली मी.
तो एक शब्द बोलला नाही.
धुवायला टाकलेल्या त्याच्या पॅन्टच्या खिशात
चॉकलेटचे दोन कागद निघाले.
एक त्याचा.

जानेवारीत वीज गेली त्या संध्याकाळी
तुम्ही दोघं शेगडीपाशी नार्दी खेळत होतात.
मी कांदा चिरत होते.
आधी वास आला. जळक्या लोकरीचा.
वाटलं, मोजा वाळत घातलाय कुणी.
मोजा पायात होता.
पाय शेगडीच्या लोखंडाला टेकलेला.
आणि तुम्ही फासे टाकून ओरडत होतात,
"सहा-पाच! बघ कसा पडतो!"

मी पाय ओढला तेव्हा रागावलात,
डाव मोडला म्हणून.
मग खाली पाहिलंत.
तो चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता.
दुखत नव्हतं तुम्हाला, तेच तर.
जुन्या ओळखीचं कुणी
रस्त्यात समोरून यावं
आणि न बोलता निघून जावं,
तसे तुम्ही शेगडीकडे बघत राहिलात.

सुयांचं मी काही बोलले नाही.
इस्पितळातही नाही, परतताना टॅक्सीतही नाही.
बोलायला खूप होतं.
ते ओठांशी आलं की मी
तुमच्या पट्टीची गाठ बघायचे.

आता रोज रात्री मी तुमचे तळवे बघते.
चांगला पाय कोमट पाण्यात,
पाणी आधी माझ्या कोपराला विचारून.
बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा.
तुम्ही छताकडे बघत भट्टीच्या गोष्टी सांगता,
जणू पाय दुसऱ्याच कुणाचे आहेत
आणि तुम्ही सोबतीला बसलायत.
यंत्र लाशाकडे आहे. आकडा तो वहीत लिहितो,
आकड्यापुढे चित्रं काढतो, त्याची त्याला कळतात.
परवा तुम्ही त्याला म्हणालात,
"तू टोचलंस तर चालेल. तुझ्या आईचा हात थरथरतो."
थरथरतो. खरं आहे.

आज फ्रिज उघडला.
बरणीमागे तेरा.
कचऱ्याचा डबा ओट्याखाली.
उघडून बघावा का, घेतली की नुसती टाकली,
मी वाकले, झाकणावर हात ठेवला.
"आई," आतून लाशा म्हणाला,
"पाणी निवतंय."